फरीदाच्या नावावर

बँकेचा माणूस दुकानात आला तेव्हा फरीदा उशीची खोळ उलटी करून शिवत बसली होती. वीरधवल त्याचं नाव. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. बाहेर उन्हाचा असा तडाखा, की फलटणचा तो एरवी गजबजलेला रस्ता पार ओस पडला होता. वीरधवल पंख्याखाली उभा राहिला, कॉलर झटकली, मोबाईलवर दुकानाचा फोटो काढला.

“झालं काकू. घराचा पत्ता आधीच बघून आलो. आठवड्याभरात कार्ड येईल.”

“घराला तर कुलूप हाय.”

“नाही ओ, तुमचे मिस्टर होते ना घरी. दारातच बोललो त्यांच्याशी.”

फरीदाची सुई थांबली. “कसं हुतं दिसायला?”

वीरधवलला प्रश्न विचित्र वाटला असावा, पण तो हसून म्हणाला, “उंच. दाढीला कापूस चिकटलेला. आणि ही करंगळी,” त्याने स्वतःचा उजवा हात पुढे केला, “ही अशी अर्धीच. मी विचारलं, फरीदा शाहनवाज नदाफ इथंच राहतात का? तर म्हणाले, व्हय, इथंच. चुका माज्या हुत्या, नाव तिचं खराब झालं. द्या तिला कार्ड, ती बुडवनार न्हाई.”

तो गेला. फरीदाने उशी शिवून पुरी केली, बाजूच्या थप्पीवर टाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आत कापूस भरलाच नव्हता. रिकामीच उशी चारी बाजूंनी शिवून टाकली होती.

शाहनवाजला माती देऊन दोन वर्षं होत आली होती.

संध्याकाळी घरी परतताना तिने समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बनुबाईला विचारलं. बनुबाई दिवसभर त्या ओट्यावरच असायची. बोळात मांजर शिरलं तरी तिला ठाऊक.

“मावशी, दुपारी कोन आलतं का माज्याकडं?”

“आलतं की. यक जवान पोरगा. तुज्या दाराशी हुबा ऱ्हाऊन लय येळ बोलत हुता.”

“कुनाशी?”

“कुलपाशी,” बनुबाई म्हणाली. “म्या म्हटलं, कानात फोन आसंल. आजकाल तसंच बोलत्यात.”

फरीदाच्या मुठीत किल्ली होती. कुलूप दाराला तसंच लटकत होतं.

*

शाहनवाज माणूस वाईट नव्हता. कापूस पिंजण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्याने भरलेल्या गादीला वर्षानुवर्षं खड्डा पडत नसे. पण दुकानाच्या चार भिंतींत त्याचा जीव रमायचा नाही. त्याला टेंपो हवा होता. आटपाडीची डाळिंबं पुण्याला न्यायची, येताना शहरातला माल आणायचा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. स्वतःच्या नावावर कर्ज मिळेना, म्हणून त्याने बायकोच्या नावावर काढलं. कागदावर तिची सही त्यानेच ठोकली. पुढे हप्ते भरायला मोबाईलवरच्या ॲपमधून आणखी उचल केली, तीही तिच्याच नावावर. फोन घरात सगळ्यांचा मिळून एकच होता, त्यामुळे येणारे ओटीपी त्याच्याच हातात पडायचे.

फरीदाला यातलं काही माहीत नव्हतं. म्हसवडच्या पुढे टेंपो उलटला, शाहनवाज जागच्या जागी गेला, आणि चाळिसावा दिवस व्हायच्या आत दारात कर्जवसुलीची माणसं यायला लागली. नवऱ्याचं दुःख करायचं, की माणसांना चहा पाजून परत पाठवायचं, हेच तिला कळेना. मोडका टेंपो विकला, बांगड्या मोडल्या, बहुतेकांचे पैसे चुकते केले. एका फायनान्स कंपनीने मात्र निम्म्याशिम्म्यावर तडजोड केली आणि तिच्या नावापुढे तसा शेरा मारून ठेवला.

तो शेरा किती जड असतो, हे पुढे कळलं. दुकानातलं जुनं पिंजण मशीन मोडकळीला आलं होतं. त्याच मशीनच्या दात्यांनी शाहनवाजची करंगळी खाल्ली होती. नवं घ्यायला ती बँकेत गेली, तर साहेबांनी संगणकाकडे बघून मान हलवली. म्हणे कर्जफेडीचा स्कोअर नाही.

साताऱ्यात कॉलेजला असलेल्या तिच्या लेकीने, अर्फाने, वाट शोधून काढली. “अम्मी, आपल्याकडे उरलेत तेवढे पैसे बँकेत एफडी करायचे. त्या एफडीवर बँक कार्ड देते, स्कोअर न बघता. कार्डावर थोडं थोडं घ्यायचं, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायचं नाही, आणि बिल आलं की मुदतीआधी सगळंच्या सगळं भरायचं. असं वर्षभर केलं की नाव हळूहळू धुतलं जातं.”

“आपलेच पैसे ठेवून आपल्यालाच उधार द्यायचं?”

“विश्वास नाही ना आपल्यावर. म्हणून.”

फरीदाला ते पटलं. त्याच कार्डाच्या पडताळणीला वीरधवल आला होता.

आठवड्याभराने कुरिअरवाल्याचा फोन आला की पाकीट पोचतं केलं. फरीदा दुकान तसंच टाकून घरी धावली. कुलूप उघडलं. आत, रचून ठेवलेल्या गाद्यांवर, पाकीट पडलेलं होतं. दाराखाली फट नव्हती; खिडकी आतून बंद होती. तिने कुरिअरवाल्याला परत फोन लावून विचारलं, कुणाच्या हातात दिलं?

“घरमालकांच्या. त्यांनी स्क्रीनवर सही पण केली. पाठवू का फोटो?”

फोटो आला. बोटाने ओढलेली वेडीवाकडी सही, आणि ती शाहनवाजच्या नावाची नव्हती. ‘फरीदा’ अशी होती. पहिल्या अक्षराला खालपर्यंत ओढलेलं शेपूट, जसं टेंपोच्या कागदांवर होतं.

पाकीट हातात घेऊन ती त्या खोलीत किती वेळ उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. भीती होतीच. पण भीतीखाली दुसरंच काही उकळत होतं. मेल्यावरसुद्धा माझीच सही करतोय, असं तिच्या मनात आलं.

*

तडजोड होऊनही फायनान्स कंपनीचा वसुलीवाला वरच्या चार्जेससाठी खेपा घालायचा. बिराप्पा त्याचं नाव, जतकडचा गडी, आवाज असा की बोळातली कुत्री गप्प व्हायची. तो एकाएकी यायचा बंद झाला. मग एक दिवस भाजीबाजारात समोरासमोर भेटला आणि मान वळवून निघाला. फरीदानेच त्याला अडवलं.

“काय ओ बिराप्पा, संपलं का चार्जेस?”

“संपलं भाबी. म्या साहेबाला सांगितलंय, त्या घराकडं मला धाडू नगा.” त्याचा आवाज अगदी बसला होता. “तुमचा मानूस दारात हुबा हुता. म्हनला, बिराप्पा, पैसं मी खाल्लं, तिच्या दारात यायचं न्हाई आता.”

“दुसरा कोन तरी आसंल.”

“दुसरा कसा?” बिराप्पाने इकडेतिकडे बघितलं. “त्याच्या मयताचा दाखला कंपनीत म्या सोता जमा केलाय की. फोटो बघितलाय म्या त्याचा, टेंपोखालचा. त्योच मानूस. त्याच कपड्यात.”

एवढं बोलून भरलेली पिशवी तिथेच सोडून तो चालता झाला.

फरीदाने कार्ड वापरायला सुरुवात केली. गॅसची टाकी, दोऱ्याची रिळं, ठोक दुकानातून खोळींचं कापड. बिल आलं की त्याच दिवशी भरायची. अर्फा दर महिन्याला साताऱ्याहून फोन करून सांगायची, स्कोअर एवढा वाढला, आणखी वाढला. आणि इकडे दुपारच्या वेळी, फरीदा दुकानात असताना, घराच्या बंद दाराशी माणसं बोलत राहायची. मीटर बघणारा. रेशनकार्डाची चौकशी करायला आलेली बाई. सगळी परकी, त्याला जिवंतपणी कधी न पाहिलेली. बनुबाईने आता ओट्याची जागा बदलली होती. पाठ फरीदाच्या दाराकडे करून बसायची.

फरीदाला मात्र तो कधी दिसला नाही. अवेळी घरी येऊन बघितलं, दबकत येऊन बघितलं. दर जुम्मेरातीला, गुरुवारी संध्याकाळी, ऊद जाळताना ती मनातल्या मनात भांडायची. साऱ्या जगाला भेटता, मला भेटायला काय झालं? मी तर परकी न्हाई.

सुट्टीत अर्फा आली. तिला अम्मीचं बोलणं खरं वाटत नव्हतं, खोटं म्हणायचा धीरही होत नव्हता. “तू मला आत ठेव आणि बाहेरून कुलूप लाव,” ती म्हणाली. “मी बसते दाराशी.”

फरीदाने नको नको म्हणत लावलं. त्या दुपारी पाणीपट्टीवाला आला. अर्फा दाराला पाठ लावून, श्वास रोखून उभी होती. बाहेरून आवाज आला, “नमस्कार काका. हो, पावती देतो की. नाही, घाई नाही.” मग थोडं थांबून, हसत, “होय, मुली हुशारच असतात. साताऱ्यात का? छान.”

घरात अर्फाखेरीज कुणी नव्हतं. माणूस जिच्याशी बोलत होता ती फळी आणि अर्फाची पाठ यांच्यात बोटभर अंतर नव्हतं. तिने धावत जाऊन खिडकी उघडली. पाणीपट्टीवाला दचकला. “अगं, तू आहेस होय आत? तुझे वडील आत्ताच म्हणत होते…” तो दाराकडे वळला, कुलपाकडे बघत राहिला, आणि पावतीपुस्तक बगलेत मारून बोळातून बाहेर पडला.

फरीदा आली तेव्हा अर्फा खिडकीखाली बसून होती. “अब्बा माझ्याबद्दल बोलत होते, अम्मी,” एवढंच तिला सांगता आलं.

*

वर्ष सरलं. स्कोअर असा झाला की बँकेतूनच फोन आला. मशीनचं कोटेशन आणा, पुढचं बघू. मायलेकी सांगलीला गेल्या. तिथे आप्पासो म्हणून एक जण पिंजण मशीन बनवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मशीनं ओळीने उभी होती. फरीदाने दर ऐकून साध्या मशीनवर हात ठेवला, तसा आप्पासो म्हणाला, “ते नगं ताई. तुमच्या मालकांनी ते नापसंत केलंय.”

अर्फाने आईचा दंड पकडला.

“कवा आलतं?” फरीदाने विचारलं.

“मागल्या शनवारी. फलटनचं नदाफ ना तुमी? म्हनलं, मंडळी येतील, त्यांना हे देऊ नगा, दात्यावर जाळी न्हाई. बाईमानूस यकटं काम करतंय, बोटं जातील. ते पल्याडचं द्या, जाळीवालं.”

फरीदाला तिथेच रडू फुटलं. तीन वर्षांत दारात आलेल्यांपुढे, कबरस्तानाच्या फाटकाबाहेर, बँकेत, कुठेच ती रडली नव्हती. आप्पासोने घाईघाईने खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि तिला बरं वाटावं म्हणून बोलत राहिला.

“लय हौशी मानूस तुमचं. बाहेर माजा जुना टेंपो हुबा हुता, त्याच्याभवती फिरून फिरून बघत हुतं. ॲव्हरेज किती देतो, इकनार का, कागद कुनाच्या नावावर हुतील. मी म्हटलं, बघू की.”

फरीदाच्या गालावरचं पाणी तसंच राहिलं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. वर्षभर जे चाललं होतं ते तिने भरपाई समजून सोसलं होतं. केलेलं निस्तरतोय बिचारा, असं. आता तिला वाटायला लागलं, हे नाव तो नक्की कुणासाठी धुऊन घेत होता?

*

कर्जाआधी घर आणि दुकान बघायला बँकेच्या संयोगिता मॅडम आल्या. नुकत्याच बदलून आलेल्या, बोलायला मोकळ्या, हातात फाईल. त्या दिवशी फरीदाने दुकान उघडलंच नाही. दार सताड उघडं ठेवून ती उंबऱ्यातच उभी राहिली. आज दारात दुसरं कुणी उभं राहायला जागाच ठेवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

मॅडमनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि फरीदाच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, “अहो बसा, बसा. उठू नका.”

फरीदाच्या मानेवर काटा आला. ती सावकाश वळली. भिंतीशी गाद्या रचल्या होत्या. सगळ्यांत वरची कालच भरलेली, टम्म फुगलेली. तिच्या मधोमध खोल खड्डा पडला होता.

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्या खड्ड्याच्या जरा वर, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर नजर ठेवून बोलायला लागल्या. फरीदाला फक्त त्यांचंच ऐकू येत होतं.

“हो, मशीन मंजूर व्हायला अडचण नाही… काय म्हणालात? टेंपो?… बसेल की त्यातच. स्कोअर चांगला झालाय ना आता त्यांचा. रक्कम थोडी वाढवावी लागेल.” मग त्या हसल्या. “असं कसं? नाही नाही, त्यांच्या नावची सही तुम्ही कशी कराल? त्यांनीच करायला हवी.”

त्या फरीदाकडे वळल्या, पेन पुढे केलं. “मिस्टर म्हणतायत, माल पोचवायला एक जुना टेंपोही घेऊन टाका. तुमची काय इच्छा?”

फरीदाने पेन घेतलं नाही. ती गाद्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्या रिकाम्या जागेतून तिला ओळखीचा वास आला. पिंजलेला कापूस, घाम, आणि डिझेल.

“आवं,” ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी ती थांबली नाही. “तुमी बिराप्पाला घालवलं, पोरीचं कवतिक केलं, माजी बोटं वाचवली. मी समदं बघितलंय. पन टेंपो न्हाई. तुमचं हे हात तवाबी माज्या सहीवर हुतं, आताबी तिथंच हायती. हे नाव मी यकयक रुपाया येळेवर भरून परत आनलंय. ते माजं हाय. तुमाला न्हाई देनार.”

बोळात दूरवर कुकरची शिट्टी झाली.

“आनि मला कधी भेटलाबी न्हाईसा,” ती हळू आवाजात म्हणाली.

गादीवरचा खड्डा हळूहळू भरून यायला लागला. कापूस वर येतो तसा, कडेकडेने, आवाज न करता. जड माणूस बेतानं उठावा तसा. थोड्या वेळाने गादी सपाट झाली.

“अरे, कुठे गेले?” मॅडम दाराकडे, खिडकीकडे बघत म्हणाल्या. मग त्यांनी फाईल उघडली, बहुधा टेंपोचं टिपून घ्यायला. पहिल्याच पानावर त्यांचं बोट एका ओळीशी थांबलं. त्यांनी ती ओळ वाचली, फरीदाकडे पाहिलं, पुन्हा वाचली. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तुम्ही विधवा आहात,” त्या म्हणाल्या.

“व्हय.”

“मग मी आत्ता…”

“पानी देऊ का मॅडम?”

मॅडमनी पाणी घेतलं नाही. वाहनाच्या रकान्यावर काट मारली, “मी फक्त मशीनचंच पुढे पाठवते,” म्हणाल्या, आणि चपला नीट न घालताच बाहेर पडल्या.

*

मशीन आलं. जाळीवालं. लग्नसराईत फरीदाला मान वर करायला फुरसत मिळेना. तिने हाताखाली एक बाई ठेवली. हप्ते वेळेवर जात होते. घराशी आता कुणी बोलत थांबायचं नाही. मीटरवाला यायचा, कुलूप बघायचा आणि चिठ्ठी अडकवून जायचा. बनुबाई पुन्हा फरीदाच्या दाराकडे तोंड करून बसायला लागली. पहिले काही दिवस फरीदाला सुटल्यासारखं वाटलं. मग एके दिवशी घरी शिरताना तिच्या ध्यानात आलं, की घरात पाऊल टाकताना आपण उगाच खाकरतो, आत कुणी असल्यासारखं, आणि आता आत कुणी नाही. ती तशीच उंबऱ्यात बसून राहिली.

उन्हाळा संपता संपता अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हसवडचा, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा कुणी नानासो होता.

“फरीदाताई नदाफ का? तुमचं मालक आलतं आमच्याकडं. टेंपो बघायला. नंबर तुमचा दिला त्यांनी.”

फरीदाने शेजारचं मशीन बंद केलं. “घेतला का?”

“न्हाई ओ. नुसतं आत चढून बसलं. चाक धरून बसलं हुतं लय येळ. मी म्हटलं, करू का कागद? तर म्हनलं, नगं, मंडळी सही देत न्हाईत. आनि उतरून गेलं सिद्धनाथाच्या देवळाच्या बाजूला, चालत. मला जरा इचित्र वाटलं, म्हून फोन केला. तब्येत बरी हाय ना त्यांची?”

फरीदाने मशीनच्या जाळीवर अडकलेला कापूस काढला.

“परत आलं तर बसू द्या त्यांना,” ती म्हणाली. “जितका येळ बसतील तितका. पन कागद करू नगा.”

“बरं, बरं,” नानासो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या रात्री अर्फा साताऱ्याहून आली होती. फरीदाने तिला सगळं सांगितलं. अर्फाने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, “अम्मी, अब्बा गाडीत गाणी म्हणायचे का गं?”

“म्हनायचं की. लय भसाडं,” फरीदा म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. मग त्या त्याच्याविषयी बोलत बसल्या. त्याचं खाणं, त्याचं रागावणं, त्याच्या थापा. ताटातला रस्सा पार गार झाला, तरी कुणी उठलं नाही.